इग्वाइन गेला, गोल राहिले: लाडका स्ट्रायकर वैऱ्याकडे जातो तेव्हा

१४ मे २०१६ रोजी नेपल्सच्या सान पाओलो स्टेडियमवर गोन्झालो इग्वाइनने फ्रोसिनोनेविरुद्ध तीन गोल केले. तिसरा बायसिकल किकने, गोलाकडे पाठ करून, हवेत आडवं होत मारलेला. सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमधला तो त्याचा त्या हंगामातला छत्तिसावा गोल होता. मिलानच्या गुन्नार नोर्डालने १९४९-५० मध्ये ३५ गोल केले होते. तो विक्रम ६६ वर्षांनी मोडला. नापोली ८२ गुणांवर दुसरी आली. पहिल्या क्रमांकावर ९१ गुणांसह युव्हेंटस. आणि २६ जुलैला त्याच युव्हेंटसने जाहीर केलं की इग्वाइन आता आमचा. किंमत ९ कोटी युरो.

नेपल्समध्ये जर्सी जाळल्या गेल्या. संडासात टाकलेल्या ९ नंबरच्या जर्सीचे व्हिडिओ जगभर फिरले. बाहेरच्यांना त्यात फक्त संताप दिसला. पण त्याच लोकांना ते ३६ गोल विसरायचे नव्हते. क्लबच्या तिजोरीत एवढा पैसा आला हेही त्यांना कळत होतं. क्लबच्या मालकावर त्यांचा वेगळा राग होता. आणि खेळाडूच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्नही होताच. या भावना एकमेकींना खोडत नाहीत, एकाच माणसात एकाच वेळी नांदतात. त्यांची फोड करायची तर आधी बदलीचा व्यवहार कसा होतो ते पाहावं लागतं, कारण त्यातला बराच राग चुकीच्या पत्त्यावर जातो.

आधी वैर कसलं ते थोडक्यात. युव्हेंटस हा उत्तरेतल्या तुरिनचा क्लब, फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याचा. १९५०-६० च्या दशकांत दक्षिण इटलीतली लाखो माणसं पोट भरायला उत्तरेच्या कारखान्यांत गेली, त्यातले बरेच तुरिनला. 'गरीब, मागास दक्षिण' ही हेटाळणी तेव्हापासून स्टेडियममध्येही ऐकू येते. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने नेपल्स धुऊन काढावं, अशा घोषणा उत्तरेतल्या मैदानांवर आजही होतात. नापोलीकडे तेव्हा लीगची दोनच विजेतेपदं होती, १९८७ आणि १९९० ची, दोन्ही मॅराडोनाच्या काळातली. त्यात गंमत अशी की दक्षिणेत युव्हेंटसचे चाहतेही ढिगाने आहेत. म्हणजे सोमवारी सकाळी चिडवणारा माणूस तुरिनमध्ये नसतो, शेजारच्या टेबलावरच बसलेला असतो.

दारावर लिहिलेली किंमत

नापोलीने इग्वाइनला विकला, असं सरसकट म्हटलं जातं. ते काटेकोरपणे खरं नाही. त्याच्या करारात रिलीज क्लॉज होता, म्हणजे ठरलेली रक्कम भरणाऱ्या क्लबला 'नाही' म्हणता येणार नाही असं कलम. आकडा होता ९.४७ कोटी युरो. असं कलम असलं की क्रम उलटा होतो. एरवी आधी दोन क्लब किमतीवर घासाघीस करतात आणि मग खेळाडूशी पगाराचं बोलणं होतं. कलम असेल तर खेळाडू आणि त्याचा एजंट आधी नव्या क्लबशी जुळवून घेतात, वैद्यकीय तपासणी होते, आणि शेवटी जुन्या क्लबला कळवलं जातं की पैसे घ्या. इग्वाइनची तपासणी तर तुरिनमध्येही झाली नाही. गाजावाजा नको म्हणून ती माद्रिदला उरकली.

मग क्लब असं कलम घालू देतोच कशाला? कारण खेळाडूला आणायचं तर काहीतरी सोडावं लागतं. २०१३ मध्ये इग्वाइन रेआल माद्रिदमधून नेपल्सला येत होता. मोठ्या क्लबातून जरा लहान क्लबात येणाऱ्याला परतीची वाट हवी असते. त्याच उन्हाळ्यात गॅरेथ बेलसाठी रेआलने सुमारे १० कोटी युरो मोजले, आणि तो जागतिक विक्रम होता. म्हणजे ९.४७ कोटींचं कुलूप कुणी उघडेल असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. इटलीतल्या क्लबला तर नाहीच.

तीन वर्षांत बाजार फिरला. इंग्लंडच्या लीगचा दूरचित्रवाणी हक्कांचा नवा करार २०१६ पासून लागू झाला, ५०० कोटी पौंडांहून मोठा, आणि तो पैसा युरोपभर झिरपला. मँचेस्टर युनायटेडने त्या ऑगस्टमध्ये पॉल पोग्बासाठी युव्हेंटसला १०.५ कोटी युरो दिले. युव्हेंटसचं धाडस असं समोरून भरून निघालं. शिवाय त्यांनी ९ कोटी दोन आर्थिक वर्षांत विभागून द्यायचे ठरवले, आणि हिशेबाच्या वहीत तर ही रक्कम कराराच्या वर्षांत वाटली जाते. पाच वर्षांचा करार म्हणजे दर वर्षी १.८ कोटींचा खर्च. मथळ्यात ९ दिसतात, वर्षाच्या खर्चात १.८. चाहते मथळा वाचतात, क्लबचा लेखापाल दुसरा आकडा पाहतो, आणि 'एवढे पैसे आणले कुठून?' या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसने तिसऱ्या आलेल्या रोमाच्या मिरालेम प्यानिचचंही कलम भरलं होतं, ३.२ कोटी युरोंचं. पहिल्याने दुसऱ्याचा स्ट्रायकर उचलला आणि तिसऱ्याचा मिडफिल्डर. लीगमध्ये याचा परिणाम दुहेरी असतो. परदेशी क्लबात गेलेला खेळाडू तुमचे गोल घेऊन जातो. प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला ते तुमच्याच विरुद्ध मोजायला लावतो.

चूक कलम असण्यात नव्हती, ते सगळ्यांना खुलं असण्यात होती, असं आमचं मत. असं कलम लिहिताना तीन गोष्टी बांधता येतात: रक्कम, मुदत आणि कोणाला लागू. नापोली पुढे हे शिकली. २०२३ मध्ये बचावपटू किम मिन-जे सुमारे ५ कोटी युरोंना जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला. त्याचं कलम फक्त परदेशी क्लबांसाठी आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापुरतंच होतं, असं तेव्हा छापून आलं. तो जाण्याचं दुःख झालं, पण जर्सी कुणी जाळल्या नाहीत.

कसा गेला, ते कसं कळलं

कलम नसेल तर सगळी सूत्रं कराराच्या उरलेल्या वर्षांच्या हातात असतात. फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघडपणे करार करू शकतो, आणि करार संपल्यावर फुकट जाऊ शकतो. बोस्मन या खेळाडूच्या खटल्यातल्या १९९५ च्या निकालानंतर युरोपात जुन्या क्लबला त्यासाठी दमडीही मिळत नाही. म्हणून एक वर्ष उरलेला खेळाडू ही क्लबसाठी नासायला लागलेली वस्तू असते. रॉबिन व्हॅन पर्सीचं २०१२ मध्ये हेच झालं. आर्सेनलचा कर्णधार, त्या हंगामात लीगमध्ये ३० गोल. जुलैच्या सुरुवातीला त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलं की करार वाढवणार नाही. आर्सेनलपुढे दोन पर्याय उरले: आत्ता पैसे घ्या किंवा वर्षभराने रिकाम्या हाताने निरोप द्या. ऑगस्टमध्ये तो सुमारे २.४ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला, पहिल्याच वर्षी २६ गोल करून लीग जिंकला, आणि एप्रिल २०१३ मध्ये आर्सेनलच्या खेळाडूंना रिवाजाप्रमाणे दोन रांगांत उभं राहून नव्या विजेत्यांसाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्या रांगांमधून व्हॅन पर्सी चालत गेला. सामना १-१ सुटला आणि युनायटेडचा गोल पेनल्टीवर त्याचाच.

जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने दुसरा पर्याय निवडून दाखवला. रॉबर्ट लेवांडोव्स्कीला बायर्नकडे जायचं होतं. डॉर्टमुंडने २०१३ च्या उन्हाळ्यात तो विकला नाही, शेवटचं वर्ष खेळवून घेतलं, आणि २०१४ मध्ये एक युरोही न घेता सोडला. त्या वर्षी तो २० गोलांसह जर्मन लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. हिशेबाने हा वेडेपणा वाटेल, पण चाहत्यांच्या बाजूने पाहा: सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं, आणि माणूस शेवटच्या दिवसापर्यंत राबला. त्याच्या वाट्याला जो राग आला तो मारिओ ग्योत्सेच्या तुलनेत काहीच नव्हता. ग्योत्से डॉर्टमुंडच्याच अकादमीतला पोरगा. बायर्नने त्याचं ३.७ कोटींचं कलम भरल्याची बातमी एप्रिल २०१३ मध्ये फुटली, ती चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी. नोव्हेंबरमध्ये तो बायर्नकडून डॉर्टमुंडच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरला, शिट्ट्यांच्या गदारोळात गोल केला आणि जल्लोष टाळला. काही उपयोग झाला नाही.

क्लब तोच आणि वैरीही तोच असताना प्रतिक्रिया वेगळी आली ती तीन गोष्टींमुळे: बातमी केव्हा आली, कोणाच्या तोंडून आली, आणि मधल्या काळात माणसाने अंग चोरलं का. या कसोटीवर इग्वाइन पुरता नापास. निरोपाचा शब्द नाही, गुपचूप तपासणी, आणि भाऊ व एजंट निकोलास मुलाखतींतून क्लबवर टीका करत होता की संघ मजबूत केला जात नाही. ही टीका मात्र सगळीच खोटी नव्हती. म्हणूनच नेपल्सचा निम्मा राग मालक ऑरेलियो दे लॉरेंतीस यांच्यावर होता. ते चित्रपट निर्माते. बुडालेला क्लब २००४ मध्ये त्यांनी तिसऱ्या श्रेणीतून उचलून वर आणला. तरी चाहत्यांच्या मते ते हात आखडताच घेतात.

गोल कुठे जातात

आता खेळाचा भाग, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ३६ गोलांचा माणूस गेला म्हणजे ३६ गोल गेले, असं गणित मनात होतं. ते होत नाही, कारण त्याने मारलेले फटके आता दुसरे कुणीतरी मारतात. प्रश्न एवढाच की किती चांगले.

नापोलीने ऑगस्टच्या सुरुवातीलाच आयाक्स या डच क्लबच्या अर्काडियुश मिलिकला सुमारे ३.२ कोटी युरोंना घेतलं. हे वेळेत झालं, आणि वेळेला किंमत असते: तुमच्या खिशात ९ कोटी आहेत हे सगळ्या युरोपला माहीत असताना बाजार बंद व्हायच्या आठवड्यात गेलात तर समोरचा भाव दुप्पट सांगतो. पण ऑक्टोबरमध्ये पोलंडकडून खेळताना मिलिकच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. प्रशिक्षक मौरिझिओ सार्री यांच्याकडे पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर राहिला नाही. काही काळ चाचपडल्यावर त्यांनी ड्रीस मेर्टेन्स या डाव्या बाजूच्या बुटक्या विंगरला मध्ये आणलं. उंची १.६९ मीटर. हेडरसाठी उंच चेंडू टाकण्याचा मार्गच बंद.

मेर्टेन्स पेनल्टी बॉक्समध्ये थांबायचा नाही, मागे येऊन चेंडू घ्यायचा. त्याला धरून बसलेला सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, पेचात पडायचा: मागे गेला तर पाठीमागे मोकळी जागा, थांबला तर मेर्टेन्स मोकळा. त्या मोकळ्या जागेत डावीकडून लोरेन्झो इन्सिन्ये, उजवीकडून होसे कायेहोन आणि मधून मारेक हामशिक घुसायचे. इग्वाइनच्या हंगामात इन्सिन्येचे १२, कायेहोनचे ७, हामशिकचे ६ आणि मेर्टेन्सचे ५ गोल होते. २०१६-१७ मध्ये अनुक्रमे १८, १४, १२ आणि २८. इग्वाइन धरून या पाच जणांचे आधी ६६ गोल होते. तो गेल्यावर उरलेल्या चौघांचे ७२. संघाचे एकूण गोल ८० वरून ९४ वर गेले, लीगमध्ये सर्वाधिक. गुण ८२ वरून ८६.

तरी क्रमांक तिसरा. कारण युव्हेंटसने पुन्हा ९१ गुण घेतले, रोमाने ८७, आणि इग्वाइनचे २४ गोल तुरिनच्या खात्यात पडले. म्हणजे संघ सुधारला आणि टेबलावर खाली आला. याच विसंगतीत चाहत्याची खरी गोची आहे. 'त्याच्याशिवाय आम्ही जास्त सुंदर खेळतो' हेही खरं, आणि 'तो असता तर जिंकलो असतो' हेही कुणाला खोडता येत नाही.

उलटं कसं घडतं ते लिव्हरपूलने दाखवलं. ३१ जानेवारी २०११, बाजाराचा शेवटचा दिवस, फर्नांडो टोरेस ५ कोटी पौंडांना चेल्सीकडे गेला. लिव्हरपूलने त्याच दिवशी अँडी कॅरोलसाठी ३.५ कोटी मोजले. कॅरोलने त्यांच्याकडून लीगमध्ये एकूण ६ गोल केले. त्या बाजाराची लाज राखली ती सोबत घेतलेल्या लुइस सुआरेझने. टोरेसचा चेल्सीकडून पहिला सामना नेमका लिव्हरपूलशीच पडला आणि चेल्सी ०-१ ने हरली. लिव्हरपूलच्या चाहत्यांना त्या दिवशी जे सुख झालं त्याला सभ्य शब्द नाही. पण टोरेस पुढे ढेपाळत गेला तसा तो राग बऱ्याच जणांच्या बाबतीत कीव झाला. सोडून गेलेला माणूस अपयशी ठरला की त्याला माफ करणं सोपं जातं. इग्वाइनने मात्र युव्हेंटसबरोबर लीगची तीन विजेतेपदं मिळवली. त्याचा निर्णय व्यवहाराने बरोबर ठरला, आणि तेच जास्त झोंबलं.

परतीचा सामना

जुन्या क्लबविरुद्ध गोल केल्यावर हात वर करून माफी मागायची, जल्लोष करायचा नाही, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. गाब्रिएल बातिस्तुताने २००० मध्ये रोमाकडून फिओरेंतिनाविरुद्ध गोल केला आणि त्याला रडू आलं. दुसऱ्या टोकाला इमॅन्युएल आदेबायोर: सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून आर्सेनलविरुद्ध गोल करून तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आर्सेनलच्या चाहत्यांसमोर धावत गेला. त्याला २५ हजार पौंड दंड झाला. त्याच सामन्यात त्याचा बूट ज्याच्या चेहऱ्यावर पडला तो आर्सेनलचा खेळाडू म्हणजे व्हॅन पर्सी!

इग्वाइनने दोन्ही केलं. २९ ऑक्टोबर २०१६ ला तुरिनमध्ये त्याने नापोलीविरुद्ध विजयी गोल केला आणि शांत उभा राहिला. एप्रिल २०१७ मध्ये तो चार दिवसांत दोनदा सान पाओलोवर आला. पूर्वी तिथला निवेदक त्याच्या गोलानंतर 'गोन्झालो' अशी आरोळी द्यायचा आणि अख्खं स्टेडियम पुनःपुन्हा 'इग्वाइन' म्हणून उत्तर द्यायचं. आता चेंडू त्याच्या पायाशी आला की कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या. लीगचा सामना १-१ सुटला. कोपा इतालिया या इटलीच्या चषक स्पर्धेच्या उपांत्य लढतीत नापोली ३-२ ने जिंकली, पण युव्हेंटसचे दोन्ही गोल इग्वाइनचे आणि एकूण ५-४ ने अंतिम फेरीत तेच. गोलानंतर त्याने बोट दाखवलं ते प्रेक्षकांकडे नाही, मालकांच्या गॅलरीकडे. दोष कुणाचा याबद्दलचं त्याचं मत त्याने सगळ्यांसमोर मांडलं, आणि खाजगीत बरेच नापोलीकर त्याच्याशी अर्धेअधिक सहमत असावेत.

आपल्याकडे याची सौम्य आवृत्ती गोवा आणि मुंबईत घडली. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड जिंकली, पण त्याआधीच प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढलं होतं. ते मुंबई सिटीला गेले आणि पाठोपाठ ह्युगो बूमूस, अहमद जाहू, मूर्तादा फॉल, मंदार राव देसाई. बूमूससाठी मुंबईने १.६ कोटी रुपयांचा रिलीज क्लॉज भरल्याचं तेव्हा छापून आलं. मुंबईने त्या वर्षी गोव्याला उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरवून शील्ड आणि करंडक दोन्ही नेले. गोव्याचा इगोर अंगुलो त्या हंगामात वयाच्या ३७ व्या वर्षी १४ गोलांसह गोल्डन बूट जिंकला, आणि पुढच्या हंगामात तोही मुंबईत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईने गोव्याला ३-० ने हरवलं, त्यातले दोन अंगुलोचे. सामना गोव्यातच होता, पण कोविडमुळे प्रेक्षकांविना. फातोर्डा या गोव्याच्या घरच्या मैदानावरच्या लोकांना शिट्ट्या वाजवायचीही सोय नव्हती.

नेपल्सची गोष्ट इग्वाइनवर थांबली नाही. त्याच्याशिवाय ९४ गोल करणारा संघ उभा करणारे सार्री २०१९ मध्ये स्वतःच युव्हेंटसचे प्रशिक्षक झाले, आणि त्यांनी २०२० ची लीग जिंकली तेव्हा त्यांच्या संघात इग्वाइनही होता. मेर्टेन्स नेपल्सलाच राहिला आणि मॅराडोना व हामशिकला मागे टाकत १४८ गोलांवर क्लबचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०२४ मध्ये नापोलीने प्रशिक्षक म्हणून आणला तो अंतोनियो कोन्ते, युव्हेंटसचा माजी कर्णधार आणि माजी प्रशिक्षक. मे २०२५ मध्ये त्याने लीग जिंकून दिली आणि नेपल्सने त्याला डोक्यावर घेतलं. तोच कोन्ते २०१९ मध्ये मिलानच्या इंटर या प्रतिस्पर्धी क्लबला गेला होता, तेव्हा युव्हेंटसच्या चाहत्यांनी तुरिनच्या स्टेडियमवरचा त्याच्या सन्मानार्थ लावलेला, त्याच्या नावाचा तारा काढून टाकण्याची मागणी केली होती. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांनी ती मानली नाही.